पळस, धायटी, करवंद: रंगीत पेन्सिलींच्या प्रकल्पाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज वसंत पंचमी. पंचांगातला वसंत ऋतू चैत्रात सुरू होत असला, तरी सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची कित्येक झाडेझुडपे त्याची वाट पाहत नाहीत. माघ-फाल्गुनातच ती पाने गाळून फुलतात. या दोन महिन्यांत धायटी, पळस, काटेसावर आणि करवंद अशी चार रानफुले प्रत्येकी एका कागदावर, मूळ आकारात आणि कोऱ्या पार्श्वभूमीवर रंगीत पेन्सिलींनी काढण्याचे ठरवले आहे. उजेड सर्व चित्रांत वरच्या डाव्या बाजूने येईल. वनस्पतिचित्रांत हा संकेत जुना आहे, आणि माझे टेबलही खिडकीच्या उजव्या अंगाला असल्यामुळे तो पाळणे सोयीचे आहे.

मागील वर्षी पळस मी छायाचित्रावरून काढला होता आणि तो फसला. कॅमेऱ्यात पाकळीचा भगवा इतका भडक उतरला होता की त्यातील छटा पुसल्या गेल्या होत्या. पाकळीच्या जागी एकाच रंगाचा सपाट तुकडा दिसत होता आणि त्यावरील लव तर कुठेच नव्हती. म्हणून यंदा छायाचित्र केवळ फांदीची ठेवण आठवण्यासाठी वापरायचे आणि रंग फक्त प्रत्यक्ष फुलावरून घ्यायचे, असा नियम केला आहे.

साहित्य असे: ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), गुळगुळीत पृष्ठाचा, सुती लगद्याचा कागद, फाबर-कास्टेल पॉलिक्रोमोसच्या ३६ पेन्सिलींचा संच आणि त्यात सुट्या घेतलेल्या अकरा पेन्सिली, शिवाय निरनिराळ्या बनावटींच्या जुन्या काही. पॉलिक्रोमोसचा पूर्ण संच १२० रंगांचा आहे, परंतु चार फुलांसाठी तो घेण्याची गरज वाटली नाही. या पेन्सिली तेलाच्या आधारावर बनवलेल्या असल्यामुळे मेणाच्या पेन्सिलींप्रमाणे चित्रावर काही दिवसांनी पांढुरकी साय येत नाही, आणि टोकही अधिक काळ बारीक राहते.

उजेडात कोणते रंग उडतात ते पाहण्यासाठी, वापरण्याची शक्यता असलेल्या प्रत्येक पेन्सिलीचा ठिपका एका पट्टीवर भरला, पट्टीचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकला आणि ती दक्षिणेच्या खिडकीच्या काचेवर चिकटवली. ती एप्रिलमध्ये काढायची आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

सिंहगडाच्या पायथ्याजवळील उतारावरून धायटीची एक छोटी डहाळी आणली. झुडूप पाहताना फांदीभर तांबडी फुले दिसतात, परंतु दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली लक्षात आले की जो भाग आपण फूल म्हणून पाहतो ती नळी पाकळ्यांची नसून निदलपुंजाची, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या वेष्टणाची आहे. नळीच्या तोंडाशी सहा दाते आहेत. खऱ्या पाकळ्या त्या दात्यांच्या मध्ये इतक्या बारीक आणि पातळ असतात की नुसत्या डोळ्यांनी त्या सुटूनच जातात. पुंकेसर बारा मोजले. पूर्ण फूल सव्वा सेंटिमीटर भरते, म्हणून डहाळी मूळ आकारात आणि शेजारी एक सुटे फूल चौपट आकारात काढणार आहे. चौपट केल्याची खूण खाली रेघेने दाखवावी लागेल.

पानाच्या खालच्या बाजूवर काळे ठिपके आहेत. ते चित्रात दिसावेत म्हणून एक पान उलटे वळलेले निवडले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

धायटीची डहाळी चार दिवस पाण्यात आहे आणि अजून लाल आहे. पाकळ्या आणि केसर गळून जातात. निदलपुंज मात्र टिकतो. वैद्यांच्या आसव-अरिष्टांत आंबवण्यासाठी पडणारी धायटीची सुकी फुले ओळखू येतात तीही बहुधा याच टिकाऊपणामुळे, असे काम करताना वाटून गेले. रंगीत पेन्सिलीला असेच फूल हवे. नळीचा लाल रंग चार थरांत जमला (कंसातले आकडे पेन्सिलींचे क्रमांक): आधी क्रीम (१०२), त्यावर हलक्या दाबाने स्कार्लेट (११८), मग पॉम्पियन लाल (१९१) आणि सावलीत गडद लाल (२२५). देठाकडे नळी किंचित हिरवट होत जाते, तिथे लाल आधी लावला तर हिरवा मळकट दिसतो; हिरवा खाली आणि लाल वर असा क्रम ठेवावा लागला.

पंधरा तासांत धायटीचा कागद पूर्ण झाला. इतके सुरळीत काम पुढे होणार नाही, याची कल्पना होतीच.

२३ फेब्रुवारी, रविवार

पौडच्या पुढे मुळशीच्या रस्त्याला शेताच्या बांधावर एक पळस आहे. आज सकाळी साडेसातला तिथे पोहोचले, तेव्हा निम्म्या फांद्यांवर काळसर मखमली कळ्या होत्या आणि वरच्या फांद्या फुलल्या होत्या. खालच्या फांदीला हात घातला, तोच बांधावरून शेताचे मालक म्हणाले, “ताई, पडल्याली घ्या की. झाडावरची कशापाय तोडता? पाखरं येत्यात त्यावर.” त्यांचे म्हणणे रास्त होते, मैना आणि शिंजीर त्या वेळीही झाडावर होते. परंतु पडलेल्या फुलाची ठेवण बिघडलेली असते, हे मी त्यांना समजावून सांगितल्यावर त्यांनी स्वतःच एक तुरा कोयत्याने उतरवून दिला आणि झाडाखालची ओंजळभर फुलेही पिशवीत टाकली.

नऊ वाजता तुरा टेबलावर पाण्यात होता. त्यानंतरचा दिवस तासातासाने नोंदवून ठेवला आहे, कारण या कामाची खरी अडचण त्यातच आहे. साडेदहापर्यंत ध्वजपाकळी, म्हणजे वरची रुंद पाकळी, ताठ, मागे वळलेली. पाकळीच्या बाहेरच्या अंगावरील लव चांदीसारखी चमकत होती. बारा वाजता ध्वजपाकळीची कड मऊ पडून खाली झुकली. तीन वाजता भगव्यात तपकिरी मिसळू लागली. सहा वाजता लव चिकटून बसली होती आणि चमक पूर्ण गेली होती. हे फूल कागदावर उतरवायला माझ्या हाताला किमान पंचवीस तास लागतात. म्हणजे फूल जितका वेळ फूल असते, तितक्या वेळात चित्राचा आठवा भागही होत नाही.

जलरंगात काम करणाऱ्यांना ही अडचण इतकी जाचत नसावी. पुण्याजवळ दापोडीला मुंबई इलाख्याची वनस्पतिबाग होती. तिचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून शंभराहून अधिक वनस्पतिचित्रे करून घेतली. ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत, चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. ओल्या कुंचल्याच्या दोन फटकाऱ्यांत पाकळीचा मूळ रंग कागदावर बसतो आणि बारकावे नंतर भरता येतात. पेन्सिलीला तो पहिला रंगदेखील रेघ-रेघ करून भरावा लागतो, आणि एका रंगासाठी सहा-सात थर चढवावे लागतात.

म्हणून आज चित्र सुरूच केले नाही. पहिला दीड तास फक्त रंगपट्ट्या केल्या. चित्राच्याच कागदाची चार सेंटिमीटर रुंद पट्टी घेऊन तिच्या कडेवर रंगांचे थर चढवायचे, पट्टी पाकळीला टेकवायची, आणि डोळे किलकिले केल्यावर पट्टीची कड पाकळीत विरून दिसेनाशी होईपर्यंत थर वाढवत राहायचे. जमलेल्या ठिपक्याखाली पेन्सिलींचे क्रमांक थरांच्या क्रमाने, दाब हलका की मध्यम, आणि किती वाजले, हे लिहायचे. ध्वजपाकळीची आतली बाजू, बाहेरची बाजू, बाजूची पंखपाकळी, पोपटाच्या चोचीसारखी वळलेली नौकापाकळी, निदलपुंज आणि देठ, असे सहा ठिपके दीड तासात झाले. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, हा पोपट तर नव्हे, अशा अर्थाने; चोचीचा बाक काढताना ते नाव मनात ठेवले की रेघ चुकत नाही. उरलेल्या दिवसात मोजमापे घेतली आणि बाह्यरेषा ट्रेसिंग पेपरवर उतरवली.

१ मार्च, शनिवार

लव काढण्यात पूर्ण अपयश. ध्वजपाकळीचा भगवा आधी भरला आणि त्यावर पांढऱ्या पेन्सिलीने लवेच्या रेघा ओढल्या. पांढरी पेन्सिल खालच्या भगव्यात मिसळली आणि पाकळीवर भुकटी सांडल्यासारखा गुलाबट डाग पडला. मळता येणाऱ्या खोडरबराने तो उचलण्याचा प्रयत्न केला, परंतु तेलाचा रंग कागदाच्या खळग्यांत बसल्यावर तो पुरता निघत नाही. अकरा तासांचे काम बाजूला ठेवले.

आज पेन्सिलीची शिसेही वारंवार मऊ पडत होती. खोलीत चौतीस अंश होते. हाताखाली कोरा कागद ठेवूनही घामाचा एक डाग देठाजवळ उमटला. यापुढे सकाळी सहा ते नऊ याच वेळात रंगवायचे.

५ मार्च, बुधवार

वेगळ्या तुकड्यावर लवेचे आठ प्रयोग केले. सातव्यात वाट सापडली. शाई संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने कागदावर दाबून रेघा कोरल्या, तर नंतरचा रंग त्या चरांवरून निसटून जातो आणि चर कोरे राहतात, ही युक्ती पेन्सिलीने काम करणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. पण कोऱ्या कागदावर चर पाडले की ते पांढरे राहतात, आणि पांढऱ्या रेघांनी पाकळी म्हातारी दिसते. क्रीमचा थर देऊन मग चर पाडले तर लव सोनेरी दिसते. पळसाची लव सोनेरी नाही. शेवटी थंड राखाडीची सर्वांत फिकी छटा (२३०) अगदी हलक्या हाताने पसरली, त्यावर चर पाडले आणि मग भगवे थर चढवले. कागदावर एकटा पाहिला तर तो रंग धुतलेल्या पाटीसारखा दिसतो, पण शेजारी भगवा आल्याबरोबर त्याची चांदी होते.

चर पाडताना ट्रेसिंग पेपर मध्ये ठेवला तर कागद खरवडत नाही. रेघा पाकळीच्या वळणाबरोबर जायला हव्यात, कडेला आखूड आणि मध्ये लांब.

९ मार्च, रविवार

दुसरा तुरा आणला, त्याच झाडाचा. मालक या वेळी शेतात नव्हते, त्यामुळे फक्त पडलेली फुले आणि वाऱ्याने मोडून अडकलेली एक काडी घेतली. त्या काडीवर सुदैवाने तीन उमललेली फुले आणि पाच कळ्या होत्या. पहिल्या तुऱ्याच्या पट्ट्या या फुलांना लावून पाहिल्या: निदलपुंज आणि पंखपाकळी जुळली, ध्वजपाकळीची आतली बाजू मात्र या फुलात अधिक तांबूस आहे. एकाच झाडाच्या दोन फुलांत इतका फरक असेल तर चित्रातले फूल कोणाचे? बराच वेळ विचार करून असे ठरवले की रचना या काडीची घ्यायची आणि रंग पहिल्या दिवशीच्या साडेदहाच्या आतल्या पट्ट्यांचा. दोन फुलांची सरासरी काढलेला रंग कोणत्याच फुलाचा नसतो.

निदलपुंजाने आज चार तास घेतले. तो काळा दिसतो, पण काळी पेन्सिल मी त्यावर टेकवलेली नाही: गडद सेपिया (१७५), पिवळट ऑलिव्ह (१७३) आणि त्या दोहोंखाली गडद लाल (२२५) यांतून तो तयार झाला. पहिल्यांदा तो वाटीसारखा रंगवला, म्हणजे मध्ये उजळ आणि कडेला गडद, आणि तो चकचकीत पितळी वाटीसारखाच दिसू लागला. मग खरा निदलपुंज खिडकीशी धरून फिरवला. मखमलीवर प्रकाश मध्ये न पडता कडेच्या उभ्या राहिलेल्या लवेत अडकतो. म्हणून कड उजळ आणि पोट गडद हवे. क्रम उलटा केल्यावर तो वीस मिनिटांत मऊ झाला. शेजारचा भगवाही त्याच क्षणी पेटल्यासारखा दिसू लागला, त्यात मी एकही थर वाढवलेला नसताना.

१३ मार्च, गुरुवार

आज होळी. दोन्ही खेपांची उरलेली फुले रात्री पाण्यात भिजत टाकली आहेत, उद्याच्या धुळवडीसाठी. उकळलेल्या थोड्या फुलांचे पाणी चित्राच्या कागदाच्या तुकड्यावर लावून पाहिले. ते भगवे नसून पिवळे आहे. चुन्याची निवळी दोन थेंब घातली तेव्हा कुठे केशरी झाले. पाकळीच्या रंगात पिवळा इतका खोल आहे हे पट्ट्या करताना माझ्या लक्षात आले नव्हते. कागदाच्या तुकड्यावर कॅडमियम पिवळ्याचा (१०७) एक थर सर्वांत खाली देऊन मग केशरी (१११), गडद केशरी (११५) आणि स्कार्लेट (११८) चढवले; पट्टीवरच्या ठिपक्याशी ते अधिक नेमके जुळले आणि एक थर वाचला. कागदाचे खळगे सात-आठ थरांत भरून जातात, त्यानंतर रंग घसरतो, त्यामुळे वाचलेला एक थर ही लहान गोष्ट नव्हे.

१६ मार्च, रविवार

काटेसावर सोडून दिली. रस्त्यावर पडलेले फूल उचलून घरी आणेपर्यंत मांसल पाकळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, आणि केसरांचे जुडगे मोजता मोजता साठाच्या पुढे गेले. फूल मोठे, रंग सोपा, पण त्या केसरांच्या एकमेकांवर पडणाऱ्या सावल्या माझ्या वेगाने टिपणे शक्य नाही. साध्या पेन्सिलीने एक अभ्यासचित्र केले आणि थांबले.

२२ मार्च, शनिवार

करवंद. पांढरे फूल पांढऱ्या कागदावर दाखवायचे म्हणजे प्रत्यक्षात फूल सोडून बाकी सर्व काढायचे. फुलांचा गुच्छ गडद पानांच्या पुढे येईल अशी फांदी शोधायला सकाळ गेली. पाच पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एका दिशेने पिळलेल्या असतात; पाकळीच्या सावलीला केवळ राखाडी वापरली तर ती धुळकट दिसते, म्हणून उजेडाकडच्या सावलीत किंचित जांभळा आणि पानाजवळच्या सावलीत किंचित हिरवा मिसळला. कळीच्या नळीवर फिकट गुलाबी झाक आहे, ती दोन हलक्या थरांत आली. फांदी कापल्यावर निघणारा चीक कागदाच्या कोपऱ्यावर सांडला. सुकल्यावर तो डाग तपकिरी झाला. तो कोपरा कापावा लागेल.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. पळसाचा तुरा पूर्ण झाला. हिशोब: रंगपट्ट्या आणि मोजमापे सात तास, फसलेला कागद अकरा तास, लवेचे प्रयोग तीन तास, अंतिम चित्र एकतीस तास. शेवटी घोटणे टाळले. फिकट पेन्सिलीने जोरात घासून कागदाचे खळगे बंद केले की रंग चकाकतो, आणि पळसाला नेमके तेच नको. त्याची चमक लवेची आहे, पृष्ठाची नाही. फक्त नौकापाकळीच्या टोकाशी नखाएवढ्या जागेत घोटले.

कागदाचा उजवा खालचा भाग मुद्दाम रिकामा ठेवला आहे. पळसाचे फूल आणि पान एका वेळी क्वचितच पाहायला मिळतात, परंतु वनस्पतिचित्रात दोन्ही हवीत. पाने तीनच असतात, हे माहीत असल्यामुळे जागा मोजून सोडता आली.

१३ एप्रिल, रविवार

खिडकीवरची पट्टी सत्तर दिवसांनी काढली. पुठ्ठा उचलताच जुन्या पेन्सिलींपैकी एक गुलाबी आणि एक जांभळी उघड्या भागात निम्म्याहून अधिक उडाल्याचे दिसले. पॉलिक्रोमोसच्या पेन्सिलींवर उजेडात टिकण्याची क्षमता तारकांनी दाखवलेली असते. तीन तारकांच्या माझ्या पेन्सिलींच्या ठिपक्यांत डोळ्यांना फरक दिसला नाही. दुर्दैवाने करवंदाच्या सावलीतला तो किंचित जांभळा याच उडालेल्या पेन्सिलीचा आहे. सावली इतकी फिकी आहे की वरून दुसरा जांभळा चढवता येईल, पण त्याखालचा उडत गेला की सावलीचा तोल काही वर्षांत हिरव्याकडे जाईल. तो भाग मळत्या खोडरबराने जितका उचलता येईल तितका उचलून पुन्हा भरला.

२७ एप्रिल, रविवार

पौडच्या झाडाला नवी पालवी पूर्ण उघडली आहे. कोवळ्या पानांवर तांबूस झाक आणि रेशमी लव, तर आठवडाभर जुन्या पानांचा हिरवा तजेलदार आणि पृष्ठ चामड्यासारखे. चित्रासाठी मधल्या वयाचे पान घेतले. मालकांना पूर्ण झालेल्या फुलाचे छायाचित्र दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ही काळी वाटी कशी काढली?” मी उलट्या सावलीची गोष्ट सांगितली. त्यांनी झाडावरची एक सुकत आलेली शेंग हाताने फिरवून उजेडात धरली आणि तिच्यावरची लव मला दाखवली.

पळसाच्या पानाच्या तीन पर्णिकांपैकी (पानाच्या सुट्या भागांपैकी) मधली मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना सारखी असते, बाजूच्या दोन मात्र तिरक्या असतात. त्यांचा तळ एका बाजूला अधिक फुगलेला असतो. ट्रेसिंगमध्ये मी त्या सारख्याच काढल्या होत्या. मोजमाप घेऊन दुरुस्त केल्या.

४ मे, रविवार

पान पूर्ण. उजव्या पर्णिकेला कडेशी एक किड्याने खाल्लेले भोक होते, तांदळाच्या दाण्याएवढे. ते बुजवून काढायचे की तसेच ठेवायचे, यावर दोन सकाळी गेल्या. नमुना म्हणून पान अखंड दाखवावे, असा एक संकेत आहे. परंतु फुलाच्या बाबतीत रंग एका फुलाचा आणि ठेवण दुसऱ्याची घेतल्यावर निदान पान तरी एकाच फांदीचे, आहे तसे असावे, असे वाटले. भोकाच्या आतल्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची तपकिरी रेघ (१७७) काढली, आत कागद कोरा ठेवला. शेंग पुढील आठवड्यात आणायची आहे. तिच्यासाठी डाव्या बाजूला सहा सेंटिमीटर जागा उरली आहे.